एकट्या बाबांचं बोर्ड

वागळे इस्टेटमधला आमचा गाळा बाबा आणि काकांनी उभा केला. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, संचालक दोघेच. २०२२ च्या पावसाळ्यात काका गेले. तेराव्यानंतर ओव्हरड्राफ्टच्या नूतनीकरणासाठी बँकेत गेलो, तर बोर्डाचा ठराव मागितला. ठरावाला किमान दोघं हवेत आणि उरले एकटे बाबा.

तोवर आमची बोर्ड मीटिंग म्हणजे सीएनं टाइप करून आणलेल्या कागदांवर दोघांच्या सह्या. वर्षाच्या चारही, एकाच चहात.

नौपाड्यातल्या सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, मॅडमनी वाट दाखवली. कंपनी कायदा २०१३, कलम १७४. कोरमपेक्षा, म्हणजे मीटिंगला लागणाऱ्या किमान संख्येपेक्षा, कमी संचालक उरले, तर उरलेल्याला दोनच गोष्टी करता येतात: कोरम भरेल इतके संचालक नेमणं किंवा सर्वसाधारण सभा बोलावणं. बाकी कशाला हात लावायचा नाही. आर्टिकल्समध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत, तरतूद होती, म्हणून बाबांनी एकट्यानं मला अतिरिक्त संचालक नेमलं.

पण त्यांचा डिन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, बंद! केवायसी राहिलेलं. डिजिटल सहीही संपलेली, म्हणजे आधी ती नवी काढा, मग ५,००० रुपये भरून डिन जागा करा. संचालक बदलल्याचं कळवणारा डीआयआर-१२ फॉर्म ३० दिवसांत जायला हवा होता. काकांचा उशिरा गेला, जादा फी बसली. पद सोडण्याच्या कारणांत 'मृत्यू' निवडताना बाबा उठून बाहेर गेले.

तिसऱ्या जागेसाठी बाबा म्हणाले, "तुझ्या आईला घेऊ, झालं." आई सही करील, विचारणार काहीच नाही. आमच्यासारख्या कंपनीला बाहेरचा संचालक घ्यायची कायद्याची सक्ती नाही, पण मला तो हवाच होता. आमचा माल तीनदा परत पाठवणारे एक परचेस मॅनेजर आता निवृत्त होते. त्यांना गाठलं. संमतीच्या डीआयआर-२ वर सही करण्याआधी त्यांनी तीन वर्षांचे ताळेबंद मागवले. आठ दिवसांनी फोन आला.

"गाळ्याचं भाडं कंपनी कुणाला देते?"

"बाबांना."

"दर कुणी ठरवला?"

"...बाबांनीच."

"ते आधी कागदावर आणा. मग येतो."

बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी हितसंबंध जाहीर करायचा एमबीपी-१ फॉर्म त्यांनी स्वतःच मागून घेतला.

पुढची मीटिंग रीतसर सात दिवसांची नोटीस काढून झाली. केबिनमध्ये काकांची खुर्ची तशीच होती. साहेब आले आणि सरळ तिच्यावर बसले. बाबांनी माझ्याकडे बघितलं, आणि तीन चहा सांगितले.