माझाच निबंध, माझाच संदर्भ

मागच्या सत्रातल्या निबंधातला एक परिच्छेद या सत्रात हवा होता. माझंच लिखाण, मग संदर्भ कशाला? पण एकाच मजकुरावर दोनदा गुण घेणं ही स्वतःचीच वाङ्मयचोरी धरतात. (नाव जरा भयंकरच आहे!) म्हणून आधी शिक्षकांना विचारलं आणि मग चक्क माझं आडनाव, साल, निबंधाचं शीर्षक आणि ‘अप्रकाशित’ असा शेरा निबंधाच्या शेवटी येणाऱ्या संदर्भयादीत घातला. आपलंच नाव यादीत बघताना थोडं हसू येतं.

खरी गंमत ईमेलची. एका अभ्यासकांनी माझ्या प्रश्नाला लांबलचक उत्तर पाठवलं होतं. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीच्या २०१९ साली आलेल्या सातव्या आवृत्तीप्रमाणे ते शेवटच्या यादीत जातच नाही, कारण वाचकाला ते उघडून पाहता येत नाही. मजकुरातच कंसात आद्याक्षरं, आडनाव, ‘वैयक्तिक संवाद’ आणि पूर्ण तारीख द्यायची. रेकॉर्ड न झालेल्या व्याख्यानालाही हाच नियम. एमएलए या दुसऱ्या संदर्भपद्धतीत मात्र तेच ईमेल खुशाल यादीत बसतं. मला एमएलएचं पटतं, पण विभागाला एपीए हवं.

उद्धृत करण्याआधी त्यांची परवानगी मागितली. ‘नाव घाला, फक्त शेवटचं वाक्य वगळा,’ असं उत्तर आलं. नेमकं तेच वाक्य मला हवं होतं.