निर्माल्याच्या परडीतून : सहावा आठवडा

या आठवड्यात २१२ फोटो काढले, ठेवले ९. मागच्या खेपेला चारच उरले होते, तेव्हा बरं चाललंय म्हणायचं.

ज्यांना मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी: देवघरातून सकाळी उतरलेलं निर्माल्य कुंडीत जायच्या आधी दोन-तीन दिवस माझ्या ताब्यात असतं, त्यातल्या कोमेजत्या फुलांचे मुद्दाम धूसर फोटो काढायला. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत स्टूल, मागे काळ्या ब्लाउजपीसचा तुकडा. जुना क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिमी एफ १.८ लेन्स आणि दोन एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसवायच्या पोकळ नळ्या, जवळून फोटो घेता यावा म्हणून). बाकी काही नाही.

आधी फुलांचं. झेंडूवर मी महिनाभर वेळ घालवला, आणि आता सांगते, झेंडू सोडा. तो कोमेजत नाही, नुसता वाळतो, आणि मध्ये ओल राहिली तर कुजतो. शेवंती त्यापेक्षा बरी, बाहेरच्या पाकळ्या कडेने तांबूस होत आत येतात. लाल गुलाब जुना होताना जांभळट पडतो (पाकळीतल्या पेशींची आम्लता कमी होते म्हणून), तो रंग एडिटिंगमध्ये बनवायला गेलात तर खोटा दिसतो, असाच मिळाला तर घ्यावा. पण राणी जास्वंदच. सकाळी उघडी, संध्याकाळी भिजक्या छत्रीसारखी पिळून मिटलेली. त्या पिळावर तिरपा उजेड पडला की एकेक सुरकुती मोजून घ्या.

आता ब्लर, म्हणजे मुद्दाम हलवून आणलेला धूसरपणा. पहिले पाच आठवडे मी कॅमेरा हातात धरून, शटर १/४ सेकंद उघडं ठेवून, सरळ हलवत होते. फुलाचं पिठलं व्हायचं. बघणाऱ्याला ते जास्वंद आहे की ओढणी, कळायचं नाही. या आठवड्यात एकच गोष्ट बदलली: कॅमेरा ट्रायपॉडवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, एफ १६ (लेन्सचं छिद्र बारीक), शटर १ सेकंद. मनात ‘एक हजार एक’ म्हणायला घ्यायचं, ‘एक हजार’पर्यंत हात लावायचा नाही, शेवटच्या ‘एक’ला ट्रायपॉडचं डोकं सावकाश खाली झुकवायचं. फूल आधी नीट उमटतं आणि मग वरून त्याची शेपटी निघते. नऊपैकी सहा फोटो याच पद्धतीचे. मागे काळं कापड हवंच. पांढऱ्या भिंतीसमोर केलं तेव्हा भिंतीच्या उजेडाने पाकळीच खाऊन टाकली.

आणि हो, पंखा बंद करा. माझे तीसेक फोटो मी नाही, पंख्याने हलवलेले आहेत.

व्हॅसलीनही लावून बघितलं. लेन्सवर नाही हो, जुन्या यूव्ही फिल्टरवर, मध्ये रुपयाएवढी जागा कोरी ठेवून. बोट ज्या दिशेने फिरवाल त्याच्या काटकोनात उजेडाच्या रेघा फुटतात, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. निशिगंधाच्या पारदर्शक झालेल्या पाकळ्यांना हे शोभलं, बाकी कशालाच नाही.

एडिटिंगचा वेळ गेला तो ऑर्टन इफेक्टवर, म्हणजे रेखीव फोटोवर धूसर फोटो चढवून आणलेल्या स्वप्नाळू उजेडावर. छायाचित्रकार मायकल ऑर्टन यांनी १९८०च्या दशकात दोन स्लाइड एकावर एक ठेवून हे केलं, एक रेखीव, एक फोकसबाहेरची, दोन्ही मुद्दाम जास्त उजळ घेतलेल्या. जिंप या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मी तसंच करते: लेयरची (फोटोच्या थराची) प्रत, मोड स्क्रीन (याने फोटो उजळतो), दोन्ही एक केले, पुन्हा प्रत, तिला गॉसियन ब्लर (धूसर करणारं फिल्टर), मोड मल्टिप्लाय (याने गडद होतो). हिरव्या जंगलाला हे झकास दिसतं. कोमेजलेल्या फुलाला मात्र दगा देतं, कारण मल्टिप्लायने आधीच तपकिरी असलेली कड चिखल होऊन बसते. तीन रात्री ब्लरची त्रिज्या वरखाली करत बसले. चूक तिथे नव्हतीच. वरच्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ३५ टक्क्यांवर आणली आणि मास्कने, म्हणजे लेयरचा हवा तेवढाच भाग झाकून, सुरकुत्यांवरचा धूसरपणा पुसला, तेव्हा कड तांब्यासारखी उठली. नंतर नारिंगी रंगाची ल्युमिनन्स (उजळपणा) थोडी वाढवली, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) तेवढीच उतरवली. यापुढे काही करू नये असं माझं मत. व्हिन्येट (कडेची काळोखी) लावलं की लग्नपत्रिका होते.

घरातली बाजू. सासूबाईंनी सुरुवातीला बजावलं होतं, “अगं, देवाचं आहे ते, पायाखाली येऊ देऊ नकोस.” म्हणून फोटो झाले की सगळं परत परडीत, मग कुंडीत. परवा त्यांनीच हाक मारली, “ही बघ, आज कशी पिळलीय! पण आधी चहा घे.” चहा घेईपर्यंत ऊन सरकलं. तो फोटो त्या नऊमध्ये नाही.

पुढच्या आठवड्यात सोनचाफा. सकाळचा पिवळा संध्याकाळपर्यंत तपकिरी होतो, तेव्हा दर दोन तासांनी एक फोटो आणि सगळे एकाच चौकटीत मल्टिपल एक्स्पोजरने, म्हणजे एकावर एक उमटवून, बसवायचे असा बेत आहे. कॅमेरा दिवसभर स्टुलासमोरून हलवायचा नाही, म्हणजे त्या दिवशी पोळ्या दुसऱ्या ओट्यावर. कुणी हे करून बघितलं असेल तर फूल कशावर टोचून ठेवलंत तेवढं सांगा. माझ्याकडच्या टाचणीने देठ चिरतो.