पोकेइरा खोऱ्यातील पाटाचे पाणी

दक्षिण स्पेनमधील मालागा विमानतळावर भाड्याची गाडी ताब्यात घेतली, तेव्हा आमच्या बेतात रोंदाच्या पुलाला मानाचे स्थान होते आणि आल्पुहारा हा डोंगराळ प्रदेश म्हणजे केवळ दोन रात्रींचा मुक्काम होता. १७९३ साली पूर्ण झालेला, सुमारे ९८ मीटर उंचीचा तो पूल भव्य आहे यात शंका नाही. मात्र कठड्यापाशी छायाचित्रे काढणाऱ्यांची इतकी दाटी होती की तासाभरातच आम्ही तेथून काढता पाय घेतला.

लांहारोन हे गाव ओलांडले की सिएरा नेवादा पर्वतरांगेच्या दक्षिण उतारावरचा नागमोडी रस्ता सुरू होतो. येथे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे दरी नेमकी माझ्या खिडकीखाली येत होती आणि प्रत्येक वळणावर माझा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. पोकेइरा खोऱ्यात पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा ही तीन गावे एकाच्या वर एक वसलेली आहेत. मे महिना असूनही शिखरांवर बर्फ होते. आंदालुसियातील इतर पांढऱ्या गावांत कौलारू छपरे पाहून आलेल्या आम्हाला येथील सपाट छपरे पाहून नवल वाटले. लाकडी तुळया, त्यांवर दगडी फरशा आणि सर्वांत वर पाणी न झिरपू देणाऱ्या राखाडी मातीचा थर. साक्री तालुक्यात वाढलेला माझा नवरा गाडीतूनच म्हणाला, "अगं, ही तर आपली धाब्याची घरं!"

दुसऱ्या दिवशी कापिलेइराच्या वरच्या पायवाटेने चालताना पाट भेटला. त्याला तेथे 'आसेकिया' म्हणतात. शब्द अरबीतून आलेला आणि पाटांची ही विद्याही मुस्लिम राजवटीच्या काळातली. काही पाट थेट शेतांना पाणी देतात, तर 'कारेओ' नावाचे पाट वितळलेल्या बर्फाचे पाणी डोंगरात उंचावर मुद्दाम जिरवतात, जेणेकरून ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, खालच्या झऱ्यांतून बाहेर पडावे. १५६८ ते १५७१ या काळातील उठावानंतर येथील मोरिस्को, म्हणजे धर्मांतरित मुस्लिम, कुटुंबांना हाकलून उत्तरेकडून नवे रहिवासी आणले गेले. मात्र पाटांचे गणित नवागतांना शिकवण्यासाठी प्रत्येक गावात दोन जुनी कुटुंबे ठेवून घेतली, असे सांगतात. माणसे नकोत, पण त्यांचे ज्ञान हवे, हा व्यवहार मला फार अस्वस्थ करून गेला.

जेवणाची मात्र पंचाईत होती. शेजारचे त्रेवेलेस हॅमसाठी प्रसिद्ध असल्याने डुकराची तंगडी प्रत्येक खानावळीत टांगलेली. आम्ही दोन्ही दिवस ऑलिव्ह तेलात मंद आचेवर शिजवलेल्या बटाटा-ढोबळी मिरचीवर काढले आणि ते उत्तम होते.

संध्याकाळी एक वृद्ध शेतकरी फावड्याने मातीचा बांध फोडून पाणी आपल्या वाफ्यांकडे वळवताना दिसला. नवऱ्याच्या घरची शेती पांझरा नदीवरच्या फडातली, म्हणजे पाटाचे पाणी पाळीपाळीने वाटून घेणाऱ्या शेतांपैकी. पाटकरी कोणाच्या शेताला केव्हा पाणी सोडतो, हे पाहतच तो मोठा झालेला. त्याने लगेच धुळ्याला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते, तरी सासरे चष्मा लावून वाहते पाणी बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पाळी कोणाची आहे आज? विचार की त्यांना."

एवढे विचारण्याइतके स्पॅनिश आम्हा दोघांनाही येत नव्हते.