काळी मिशी

परवा माळा आवरताना जुन्या स्पीकरचं लोहचुंबक सापडलं. वळणाच्या चकलीएवढं गोल, मधे भोक. ते हातात आल्याबरोबर मी काय शोधलं असेल, तर सुतळी. वय त्रेपन्न!

बेळगावच्या शहापुरात आमची गल्ली मागांच्या खटखटीनं जागी व्हायची. मे महिन्यात आम्ही पोरं चुंबकाला सुतळी बांधून कुत्रं फिरवायला नेल्यासारखं ते रस्त्यानं ओढत न्यायचो. मधोमध काही मिळत नाही. माल सगळा गटारीच्या काठाला, जिथं धूळ पिठासारखी बसते. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत चुंबकाला काळी मिशी फुटलेली असायची. ती वहीच्या पानावर झटकायची, खालून चुंबक फिरवायचं, की वर केस उभे! हे सगळं उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतून उडून येतं अशी आमची समजूत. किलोभर जमलं की भंगारवाला पैसे देणार होता. जमलं पाव वाटी. आज्जी मात्र चुलीपासून ओरडायची, "आधी हात धू मुडद्या, मग भाकरी."

तर परवा भर दुपारी, गल्ली झोपलेली बघून, पुन्हा ओढलं. समोरच्या काकूंनी खिडकीतून बघितलंच.

"काय हरवलंय काय ओ?"

"किल्ली."

मिशी फुटली, तीही अर्ध्या गल्लीतच. सकाळीच तर झाडून गेले होते. पण खराट्याचं तसंच असतं. कागद, पाला, खडे जातात, पीठ मागं राहतं. अमेरिकेत 1972 सालच्या एका अहवालात शहरांच्या रस्त्यांवरची धूळ चाळून मोजली होती. 43 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाहूनही, बारीक पीठ वजनाला जेमतेम 6 टक्के, पण जड धातू निम्म्याहून जास्त त्यातच. चुंबकाला येतं ते नुसतं लोखंड: ब्रेकचं, खडीचं, आपल्या तांबड्या मातीतलंही. टायरातलं जस्त, ब्रेकमधलं तांबं त्याला चिकटत नाही. शिसंही नाही, आणि 2000 सालापर्यंत ते पेट्रोलात होतं. म्हणजे ज्या धुळीत आम्ही वाकून वाकून मिशा गोळा केल्या, तिच्यातलं खरं वाईट ते तिथंच राहिलं. किंवा आमच्या बोटांना. शिसं तर पोरांच्या मेंदूला बाधतं. गणितात मी कच्चा राहिलो त्याचं खापर आता कुणावर फोडू?

वळवाचा पहिला पाऊस आला की सगळे मातीच्या वासानं वेडे होतात. मीही होतो. पण त्या पहिल्या दहा मिनिटांत गटारीतून धावणारं पाणी बघा, उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. तेच पुढं बळ्ळारी नाल्यात. नाला फुगला की शहापूर-वडगावच्या शिवारात, भाताच्या वाफ्यांत. उरलेलं मार्कंडेय, घटप्रभा करत कृष्णेला.

मिशी कागदावर झटकून पुडी बांधली. रस्त्यावर टाकावी, तर तिथूनच आणली. मोरीत टाकावी, तर नाला. कचऱ्याच्या गाडीत द्यावी, तर गाडी सकाळीच येऊन गेलेली.

पुडी अजून टेबलावर आहे. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चुंबक ठेवलंय.