एमए सायकॉलॉजी, पण सोशिऑलॉजी सोबत हवीच

गावात सायकॉलॉजी शिकते म्हटलं की 'म्हणजे येड्याईची डॉक्टर का वं?' असं विचारतात, मग मी सांगते, नाही मावशी, माणूस असा काऊन वागते ते शिकतो आम्ही. पण यवतमाळकडच्या पोरीला नुसत्या सायकॉलॉजीनं भागतच नाही. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या प्रश्नावलीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न असतात, झोप, भूक, थकवा वगैरे, स्कोर ० ते २७, आणि ते उपयोगाचं आहेच. पण शेजारचे काका ओट्यावर बसून गुलाबी अळीनं खाल्लेलं कापसाचं बोंड बोटानं फोडून दाखवतात, आत सगळी कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस, आणि म्हणतात रातभर झोप नाई पोरी, तेव्हा ती झोप एकट्या त्यांच्या डोक्यातून गेलेली नसते ना, त्यात कृषी केंद्राची उधारी असते, पोरीचं लग्न असतं, लोक काय म्हणतील तेही असतं. दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १८९७ मध्येच मांडलं होतं की आत्महत्येसारख्या खासगी वाटणाऱ्या गोष्टीतही माणूस समाजाशी किती बांधलेला आहे हे बघावं लागतं. वेचणीच्या बाया निदान एकमेकींजवळ बोलतात तरी, माणसं पानठेल्यावर कापसाच्या भावाचं बोलतात, झोपेचं कोणीच नाही. मला प्रोजेक्ट यावरच करायचा आहे. आणि हो, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, सेव्ह करून ठेवा.