आईच्या मशीनला बॅटरी किती पुरते?

"आरामात आठ तास," घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी घेताना दुकानदाराने सांगितलं होतं. १२ व्होल्टची, १५० अँपिअर-अवरची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) ट्युब्युलर लेड-ॲसिड बॅटरी. तेव्हा त्यावर दोन पंखे आणि तीन बल्ब चालायचे, म्हणजे पावणेदोनशे वॅट. तेवढ्याला आठ तासांचा हिशेब जुळतही होता.

मग आईला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, लागला. मिनिटाला पाच लिटरपर्यंत देणारं, मागच्या पट्टीवर ३५० वॅट. आम्ही दापोली तालुक्यात राहतो. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर कित्येक दिवस लाईट नव्हती, ते दिवस मी विसरलेले नाही. म्हणून मशीन घरी आलं त्याच संध्याकाळी पेन्सिल घेऊन बसले. १५० गुणिले १२, म्हणजे १८०० वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये पाचवा हिस्सा वाया जातो असं धरलं, उरले १४४०. भागिले ३५०. चार तास! भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात '४' लिहिलं आणि त्या रात्री शांत झोपले.

बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायला येणाऱ्या मुलाने तो आकडा पाहिला. म्हणाला, "ताई, दीडशे हे वीस तासांत सावकाश काढलं तर. म्हणजे साडेसात अँपिअरने. तुमचं मशीन छत्तीस ओढणार." आमच्या विहिरीचंही असंच आहे. छोटा पंप दिवसभर चालतो, मोठा लावला की तासाभरात तळ दिसतो, आणि जरा थांबलं की झरे पुन्हा पाणी देतात. लेड-ॲसिड बॅटरी जोरात ओढली की तिच्यातलं सगळं हाती लागत नाही. शिवाय आमची बॅटरी चौथ्या वर्षात आहे.

म्हणून एका रविवारी मोजूनच पाहिलं. आईचं मशीन थेट लाईटवर ठेवलं. माळ्यावरून शंभर वॅटचे तीन जुने पिवळे बल्ब काढले, सोबत पन्नास वॅटचा टेबलफॅन जोडला आणि इन्व्हर्टरला येणारी लाईट बंद केली. चार्जिंग आदल्या रात्रीच पूर्ण झालेलं होतं. इन्व्हर्टर ओरडायला लागला तेव्हा झाले होते २ तास २५ मिनिटं. तिथेच थांबवलं, त्यापुढे पिळली की बॅटरीचं आयुष्य कमी होतं.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट पावसाळ्यात कळली. संध्याकाळी लाईट जाते, चाळीस मिनिटं येते, पुन्हा जाते. आपल्याला वाटतं बॅटरी भरली. पण आमचा इन्व्हर्टर १५ अँपिअरनेच चार्ज करतो. चाळीस मिनिटांत १० अँपिअर-अवर परत गेले, तर त्यावर आईचं मशीन पाव तासही चालणार नाही. खाली झालेली बॅटरी भरायला रात्रभर लाईट हवी.

आता नियम ठरवलाय. लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त मशीन आणि एक बल्ब. दीड तास झाला की गजर वाजतो आणि इन्व्हर्टर ओरडायची वाट न बघता आईला सिलिंडरवर घेतो. दहा लिटरच्या सिलिंडरमध्ये दाबून भरलेला साधारण १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. डॉक्टरांनी मिनिटाला दोन लिटर सांगितलाय, म्हणजे साडेबारा तास. मी दहाच धरते, आणि भरलेले दोन घरात ठेवते.

कॅलेंडरवरचा '४' खोडून '२:२५' लिहिलाय, शेजारी तारीख. पुन्हा मोजायचं आहे मेच्या शेवटी, पाऊस लागायच्या आत. तोवर बल्ब माळ्यावर नाही, इन्व्हर्टरच्या शेजारच्या खोक्यातच ठेवलेत.