दीड व्होल्ट आणि आतला रोध

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी पाठवा, असं समितीचं पत्र आलं. सहलीच्या बसमधली गाणी आणि स्नेहसंमेलनातल्या फजित्या यांवर बाकीचे माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात लेक्लांशे घट, म्हणजे आजच्या पेन्सिल सेलचा पूर्वज, असायचा, त्याच्याच पुढच्या पिढ्यांशी माझा रोजचा संबंध आहे. म्हणून मी बॅटरीवरच लिहितो, आणि तेही आज शाळेत असलेल्या मुलामुलींसाठी. निमित्त आहे मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओंचं. कोणी सेल शॉर्ट करून तार लाल करतंय, कोणी कपॅसिटर (सर्किटमधला वीज साठवणारा भाग) उलटा जोडून फोडतंय, कोणी जुन्या फोनच्या बॅटरीत खिळा ठोकतंय. खाली हसण्याच्या चिन्हांची रांग.

हे सगळे एकाच आकड्याला फसतात. सेलवर मोठ्या अक्षरात व्होल्टेज छापलेलं असतं, आणि धोका किती हे त्यावरून सर्वात कमी कळतं. ‘तीन-चार व्होल्टनं काय होतंय?’ शॉक लागत नाही, हे खरंच. कोरड्या कातडीतून एवढ्या व्होल्टेजला धारा जवळजवळ जातच नाही. पण भाजायला शॉक लागावा लागत नाही. बघायचं ते सेलच्या आतल्या रोधाकडे आणि आत किती ऊर्जा साठली आहे त्याकडे. रोधाचा आकडा तर वेष्टनावर छापलेलाच नसतो.

साधा झिंक-कार्बनचा नवा पेन्सिल सेल घ्या. त्याचा आतला रोध साधारण ०.३ ते ०.५ ओहम. दोन टोकं तारेनं जोडली तर तीन ते पाच अँपिअर धारा वाहते आणि थोड्याच वेळात सेल मान टाकतो. तसाच दिसणारा अल्कलाइन सेल ०.१५ ओहमच्या आसपास असतो, तो दहा अँपिअर देतो. लॅपटॉपच्या बॅटरीतला १८६५० नावाचा लिथियम-आयन सेल बोटाएवढाच असतो, पण आतला रोध ०.०३ ओहमच्या घरात. पूर्ण चार्ज असताना त्याचं व्होल्टेज ४.२. भागाकार करून पाहा: १४० अँपिअर. घरातल्या मेन स्विचमधूनही एवढी धारा जात नाही.

इथं बहुतेकांची आणखी एक गैरसमजूत असते. त्यांना वाटतं, शॉर्ट केल्यावर तार तापते. तार तापते, पण दहावीत शिकलेला ज्यूलचा नियम लावा: धारा सगळीकडे तीच, तेव्हा उष्णता जिथं रोध जास्त तिथं जास्त. तारेचा रोध ०.०२ ओहम आणि सेलचा ०.४, म्हणजे पंचाण्णव टक्के उष्णता सेलच्या पोटात तयार होते, जिथून ती बाहेर पडायला वाट नाही. म्हणून चिमट्यानं तार धरून ‘मी सुरक्षित आहे’ म्हणणारा हात प्रत्यक्षात सेल धरून बसलेला असतो.

घरगुती छळही कमी नाही. रिमोट चालेना की सेल दातानं चावायचा, उन्हात ठेवायचा, नाहीतर दगडानं ठोकायचा. उन्हात ठेवल्यानं थोडा वेळ फरक पडतो, कारण तापमान वाढलं की रासायनिक क्रियेचा वेग वाढतो आणि आतला रोध तात्पुरता उतरतो. चावणं मात्र वेडेपणा आहे. झिंक-कार्बन सेलचा डबा जस्ताचा असतो आणि तो वापरात झिजत जातो, म्हणजे संपत आलेल्या सेलची भिंत आधीच पातळ झालेली असते. अल्कलाइनमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते तोंडात गेलं तर तोंड पोळतं. बटण सेल तर दातांत क्षणभरही धरू नये. २० मिलिमीटरचा ३ व्होल्टचा लिथियम बटण सेल अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेतून धारा वाहून ऋण बाजूला तीव्र अल्क तयार होतं आणि दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. सेल फुटायची गरज नाही, तो नुसता चालू असला तरी पुरतो. लहान भावंडानं गिळल्याची शंका जरी आली तरी उलटी करवायची नाही, तडक एक्स-रे निघेल अशा रुग्णालयात न्यायचं.

आता लिथियम, कारण सगळी गंमत आणि सगळे अपघात सध्या तिथंच आहेत. १८६५० सेलमध्ये साधारण ९ वॉट-तास वीज असते, म्हणजे ३२,४०० ज्यूल. पन्नास किलोच्या विद्यार्थ्याला साधारण ६६ मीटर, म्हणजे वीसेक मजले वर उचलायला एवढी ऊर्जा लागते. आतमध्ये धन आणि ऋण पट्ट्यांमध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा असतो, पंचवीस मायक्रॉन किंवा त्याहूनही कमी जाडीचा. खिळा घुसला, बॅटरी वाकवली, दगडाखाली चेपली, की पडदा फाटतो आणि आतल्या आत शॉर्ट होतो. हा शॉर्ट बाहेरचा फ्यूज किंवा संरक्षक सर्किट तोडू शकत नाही, कारण ते सगळं सेलच्या बाहेर बसलेलं असतं. तापमान शंभर अंशांच्या आसपास गेलं की ऋण पट्टीवरचा संरक्षक थर मोडायला लागतो आणि तो मोडतानाही उष्णताच देतो. १३० च्या आसपास पॉलिएथिलिनचा पडदा वितळतो. त्यापुढे धन पट्टीतून ऑक्सिजन सुटतो. आतलं द्रावण पेट्रोलसारखं ज्वलनशील. उष्णता, इंधन आणि ऑक्सिजन तिन्ही एकाच पाकिटात असल्यावर वाळू टाकून, झाकण ठेवून आग गुदमरत नाही. धुरात हायड्रोजन फ्लोराइड असतं, ते फुप्फुसांना जाळतं. व्हिडिओत पोरं ज्या पांढऱ्या ढगात नाक खुपसून हसत असतात, तो हा धूर.

फोनची चपटी बॅटरी त्याहून नाजूक. गोल सेलला निदान पोलादी डबा असतो, टोपीखाली दाब वाढला की जोडणी तोडणारी चकती असते. चपटीला नुसतं अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं पाकीट. फुगलेली बॅटरी ओळखायला यंत्र लागत नाही. सपाट टेबलावर ठेवून कोपरा दाबा, ती हलते, भोवऱ्यासारखी गोल फिरवता येते. आतमध्ये साठलेला तो वायू. ‘सुईनं हवा काढली की पुन्हा चपटी होते’ असा सल्ला मी शिकल्या-सवरल्या माणसांकडून ऐकला आहे. सुई पडद्यातूनही जाते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

विज्ञान प्रदर्शनात जुन्या लॅपटॉपच्या सेलची पॉवर बँक दरवर्षी एक तरी असते. कल्पना चांगली आहे, पण तपशिलात मार खाते. सेल मोजून २ व्होल्टच्या खाली निघाला तर तो टाकून द्या, पुन्हा जिवंत करू नका. फार उतरलेल्या सेलमध्ये ऋण पट्टीचं तांबं द्रावणात विरघळतं आणि चार्ज करताना भलत्याच जागी जमून आतून शॉर्ट करतं. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, बंद होल्डर वापरा. चार्जिंगला बाजारात मिळतं ते टीपी४०५६ चं निळं मॉड्यूल ४.२ व्होल्टला थांबतं, हे ठीक. पण त्यावर धारा ठरवणारा रोधक १.२ किलोओहमचा असतो, म्हणजे मॉड्यूल १ अँपिअरनं भरतं. खेळण्यातल्या ड्रोनची २०० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी त्याला लावली तर ती पाचपट वेगानं भरली जाते, लिथियम पट्टीत शिरण्याऐवजी तिच्यावर धातू होऊन बसतं. तिथं १० किलोओहमचा रोधक लावला की धारा १३० मिलिअँपिअरवर येते. मॉड्यूल घेताना संरक्षक आयसी असलेलंच घ्या, त्याला सहा जोड असतात. चार जोडांच्या मॉड्यूलमध्ये तो नसतो.

कपॅसिटरकडे येऊ. फिटर त्याला कंडेन्सर म्हणतो, तोच. इलेक्ट्रोलिटिक जातीत अॅल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा थर असतो, दर व्होल्टमागे फक्त दीडेक नॅनोमीटर. उलटा जोडला की दीड-दोन व्होल्टच्या पुढे तो थर निकामी होतो, धारा सरळ वाहते, द्रावण तापतं, हायड्रोजन सुटतो. मोठ्या डब्याच्या माथ्यावर फुलीसारख्या रेघा कोरलेल्या असतात. दाब वाढला की माथा आधी घुमटासारखा वर येतो, मग रेघांवर उकलतो आणि वाफ, कागदाच्या चिंध्या, उग्र वासाचं द्रावण बाहेर पडतं. या रेघा म्हणजे मुद्दाम ठेवलेला अशक्त भाग. पाच-सहा मिलिमीटरच्या बारक्या कपॅसिटरला त्या नसतात, म्हणून त्याचा अॅल्युमिनियमचा डबाच गोळीसारखा सुटतो, आणि नेमका वाकून बघणाऱ्याच्या डोळ्याच्या दिशेनं. चष्मा घातला तरी कान आणि गाल उघडेच. टँटलम जातीचा तर घोळ वेगळाच. इलेक्ट्रोलिटिकवरची पट्टी ऋण टोक दाखवते, चौकोनी टँटलमवरची पट्टी धन! हे कोणी ठरवलं देव जाणे. तो उलटा लागला तर नुसता फुटत नाही, ज्वाळेनं पेटतो, कारण आतल्या मँगनीज डायऑक्साइडमधून ऑक्सिजन मिळतो.

विजेवर चालणाऱ्या उपकरणातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहतो. घरातल्या २३० व्होल्टच्या एसी विजेचं शिखर ३२५ व्होल्ट. संगणकाच्या पॉवर सप्लायमधला ३३० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर तेवढ्याला भरला की १७ ज्यूल धरून बसतो. हृदयावरून गेला तर हा धक्का जीवघेणा होऊ शकतो. स्क्रू ड्रायव्हरनं टोकं जोडून ‘ठिणगी बघ’ करणारे भरपूर आहेत. हजारभर अँपिअर क्षणात वाहतात, टोक वितळतं, धातूचे तापलेले कण उडतात. रीत अशी: १० किलोओहम, १० वॉटचा वायरवाउंड रोधक, इन्सुलेशनच्या क्लिपा, वीस सेकंद. मग मीटरच्या डीसी पट्टीवर मोजायचं. पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, कारण रिकामा केलेला कपॅसिटर थोडं व्होल्टेज परत वर आणतो. हेसुद्धा जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच. मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायचे व्हिडिओ आहेत, त्यावर दोन हजार व्होल्ट असतात आणि त्यात माणसं मेली आहेत. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

बॅटरीचा छळ करणं हा पगारी उद्योगही आहे, हे फार जणांना माहीत नसतं. लिथियम-आयन सेलसाठी २०१९ चं नोबेल वाटून घेणारे अकिरा योशिनो यांनी १९८६ मध्ये सेलवर लोखंडी वजन टाकून पाहिलं. धातुरूप लिथियमचा सेल पेटला, त्यांचा पेटला नाही. मालवाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ३८.३ या चाचणीत १५.८ मिलिमीटरचा गज सेलवर आडवा ठेवून ६१ सेंटिमीटरवरून ९.१ किलोचं वजन टाकतात आणि पुढे सहा तास नजर ठेवतात. सहा तास, कारण चेपलेला सेल लगेच पेटेलच असं नाही. खिशात, दप्तरात, रात्री उशाशीही पेटतो. २०२२ च्या उन्हाळ्यात पुण्यासह अनेक ठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतर अशा वाहनांच्या बॅटरी-सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं गेलं आणि १ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालं. पुण्यात वेताळ टेकडीच्या कुशीत असलेल्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांमध्ये अशा चाचण्या होतात. त्याही बंद खोलीत, धूर खेचणाऱ्या यंत्रणेसह आणि माणूस भिंतीपलीकडे ठेवून.

तरीही घडलंच तर: फोन किंवा पॉवर बँक पेटली की आधी धुरातून बाहेर पडा, १०१ ला फोन करा. लांबून जमलं तर भरपूर पाणी मारा. पाणी विझवण्यापेक्षा थंड करतं, आणि शेजारचे सेल वाचवायला तेच हवं असतं. डोळ्यात द्रावण गेलं तर वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं, मग १०८. फुगलेली बॅटरी चार्ज न करता, टोकांना चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवा आणि ई-कचरा केंद्रात द्या. ओल्या कचऱ्यात नको, घंटागाडीचा दाब तिला पुरतो.

हात शिवशिवत असतील तर एक प्रयोग करा. फक्त पेन्सिल सेलवर, लिथियमवर नाही. मीटरनं सेलचं व्होल्टेज मोजा, समजा १.६० आलं. मग १० ओहम, अर्ध्या वॉटचा रोधक जोडून दोन-तीन सेकंदांत पुन्हा मोजा, समजा १.५४. फरकाला दुसऱ्या आकड्यानं भागून दहानं गुणा: आतला रोध ०.३९ ओहम. आता खेळण्यातून काढलेला ‘संपलेला’ सेल घ्या. तो नुसता मोजला तर १.४५ दाखवेल, रोधक लावताच १.१० वर येईल. रोध तीन ओहमच्या वर. मोटरला लागणारी धारा तो देऊ शकत नाही, पण भिंतीवरच्या घड्याळाला मिलिअँपिअरचा अंशच लागतो. आजी खेळण्यातले सेल घड्याळात घालते आणि घड्याळ पुढे कित्येक महिने चालतं, ते यामुळे.